फोन घरात, माणूस रानात: लॉकडाऊनमधली वर्दळ मोबाईलवरून कशी मोजली?

एप्रिल २०२० ची गोष्ट आहे. आमचा कांदा काढणीला आला होता. सकाळी सहाला रानात जायचं, ऊन चढलं की घरी यायचं. फोन बहुतेक वेळा घरीच चार्जिंगला असायचा. एक दिवस दुपारी जेवायला आलो तर भाच्याने मोबाईलवरची बातमी पुढे केली. "मामा, गुगल म्हणतंय, भारतात लोकांचं कामावर जाणं जवळपास निम्म्यानं कमी झालंय."

मी हाताची माती झटकत म्हणालो, "माझं कुठं कमी झालंय?"

तेव्हा सगळे हसले आणि विषय संपला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. देशातली कोट्यवधी माणसं घरात आहेत की बाहेर, हे गुगलला कळलं कसं? आणि त्यात आपण रानात राबणारे मोजले गेलो का? आजही व्हॉट्सअॅपवर "लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचे फोन ट्रॅक केले" असे मेसेज फिरतात. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

आकडे आले कुठून?

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांचा लॉकडाऊन लागला. जगात बहुतेक ठिकाणी हीच परिस्थिती होती. लोक खरंच घरी थांबलेत का, हे प्रत्येक सरकारला जाणून घ्यायचं होतं. घरोघर माणूस पाठवून विचारणं शक्य नव्हतं.

३ एप्रिल २०२० ला गुगलने १३१ देशांचे वर्दळीचे अहवाल सगळ्यांसाठी मोफत खुले केले. त्यात जागांचे सहा गट होते: दुकानं-हॉटेलं-करमणूक, किराणा आणि औषधं, बागा-उद्यानं, बस-रेल्वे स्थानकं, कामाची ठिकाणं आणि राहती घरं. भारताच्या पहिल्या अहवालात २९ मार्चचे आकडे असे होते:

- दुकानं, हॉटेलं, करमणूक: ७७ टक्के कमी
- किराणा व औषधं: ६५ टक्के कमी
- बागा, उद्यानं: ५७ टक्के कमी
- बस व रेल्वे स्थानकं: ७१ टक्के कमी
- कामाची ठिकाणं: ४७ टक्के कमी
- राहती घरं: २२ टक्के जास्त

भाच्याने दाखवलेली बातमी हीच. सुरुवातीला आकडे राज्यापर्यंतचे होते, पुढे जिल्ह्याचेही यायला लागले. १५ ऑक्टोबर २०२२ नंतर गुगलने नवीन आकडे देणं बंद केलं.

हे करणारं गुगल एकटं नव्हतं. अॅपलने आपल्या नकाशावर लोक किती वेळा रस्ता विचारतात ते मोजलं. फेसबुकने लोक एकाच जागी राहिले की हलले ते मोजलं. प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडेही वेगळे.

टक्के कशाच्या तुलनेत?

"७७ टक्के कमी" म्हणजे कशापेक्षा कमी? गुगलने तुलनेसाठी ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हे पाच आठवडे धरले होते. तेव्हा आपल्याकडे बंधनं नव्हती. तुलना वाराप्रमाणे होती, म्हणजे सोमवारची सोमवारशी, बुधवारची बुधवारशी.

आपल्या आठवडी बाजारावरून बघू. समजा बाजार बुधवारी भरतो. त्या पाच आठवड्यांतल्या पाच बुधवारी तिथे अनुक्रमे २००, २१०, १९०, ५० आणि २०५ भेटी नोंदल्या गेल्या. एका बुधवारी गावात मयत झाल्याने बाजार भरला नाही, म्हणून ५०. आता हे आकडे चढत्या क्रमाने लावा: ५०, १९०, २००, २०५, २१०. बरोबर मधला आकडा २००. गुगल सरासरी न काढता हा मधला आकडा धरतं, म्हणजे एखाद्या विचित्र दिवसाने हिशोब बिघडत नाही. पुढे लॉकडाऊनच्या बुधवारी ४६ भेटी झाल्या, तर २०० च्या तुलनेत घट झाली ७७ टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. २९ मार्च २०२० ला रविवार होता. रविवारी बऱ्याच कचेऱ्या आधीच बंद असतात. म्हणजे कामाच्या ठिकाणांची ४७ टक्के घट ही जानेवारीतल्या रविवारच्या तुलनेत आहे. भरल्या सोमवारशी तुलना केलेलीच नाही. एका दिवसाचा आकडा उचलून बातमी केली की अशी गल्लत होते.

घराच्या आकड्याचीही गंमत आहे. बाकी पाच गटांत लोक किती वेळा गेले ते मोजलं, घराच्या गटात लोक किती वेळ थांबले ते मोजलं. एखादा माणूस एरवी दिवसाचे १५ तास घरी असेल आणि लॉकडाऊनमध्ये पूर्ण २४ तास थांबला, तरी वाढ ६० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. दिवस काही २५ तासांचा होत नाही. त्यामुळे "दुकानं ७७ ने घटली आणि घर फक्त २२ ने वाढलं, मग बाकीचे लोक गेले कुठे?" हा प्रश्नच चुकीचा आहे.

मग आपल्याला ट्रॅक केलं का?

गुगलच्या सांगण्याप्रमाणे हे आकडे त्या लोकांचे होते ज्यांनी आपल्या खात्यात 'लोकेशन हिस्ट्री' सुरू ठेवली होती. ही सोय मुळात बंद असते, आपण 'हो' म्हटलं की सुरू होते. अडचण एवढीच की नवा फोन घेतल्यावर दुकानदार किंवा घरातलं पोरगं पटापट 'हो, हो, पुढे' दाबत जातं, आणि आपण कशाला हो म्हणालो ते आपल्यालाच माहीत नसतं.

अहवालात कुणाचं नाव, नंबर किंवा घर नव्हतं. फक्त गटाचे टक्के होते. वरून गुगल त्या आकड्यांत मुद्दाम थोडी बारीक चूक मिसळायचं. पोत्याच्या वजनात मूठभर दाणे इकडे-तिकडे झाले तर ट्रकच्या वजनात फरक पडत नाही, पण त्यावरून कुणाचं एक पोतं शोधून काढणंही जमत नाही. तसंच हे. जिथे फोनच कमी, तिथला आकडा दिलाच नाही, जागा मोकळी सोडली. आपला माग लागू नये म्हणून ही काळजी. पण तिचा दुसरा अर्थ असा की लहान गाव या हिशोबात वेगळं दिसतच नाही.

'आरोग्य सेतु'शी मात्र याची गल्लत करू नका. ते सरकारी अॅप २ एप्रिल २०२० ला आलं, आणि त्याचं काम बाधित माणसाच्या जवळ कोण आलं ते शोधण्याचं होतं. ते वेगळं, वर्दळीचे टक्के वेगळे.

तुमच्या फोनचं बघायचं असेल तर गुगल मॅप्स उघडा, वर कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर बोट ठेवा आणि 'टाइमलाइन' बघा. तिथे तुमचं जाणं-येणं दिसलं तर सोय सुरू आहे. ठेवायची की बंद करायची, हे तुमच्या हातात आहे.

रानातलं काम मोजलं का?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ. २७ मार्च २०२० लाच केंद्राने शेतीच्या कामाला लॉकडाऊनमधून सूट दिली होती. म्हणजे रानात जाणं नियमात बसत होतं. पण डेटात ते कसं दिसलं?

पहिलं, त्या सहा गटांत 'शेत' नावाचा गटच नाही. 'बागा-उद्यानं' आहे, पण आपल्या गावचा वडाखालचा पार काही त्यात येत नाही. पुढच्या खोलीत चालणारं किराणा दुकान किंवा दूध संकलन केंद्र नकाशावर नोंदलेलंच नसेल, तर तिथली भेट कुणाच्या खात्यात जाणार?

दुसरं, वस्तीवर राहणारा शेतकरी. फेसबुकने नकाशाचे साधारण ६०० मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले होते. दिवसभर ज्याचा फोन एकाच चौकोनात, तो 'जागेवर थांबलेला'. आता बघा, ज्याची वस्ती शेतातच आहे, तो पहाटे दारं धरतो, दुपारी कांदा भरतो, संध्याकाळी धारा काढतो. अंग मोडून काम केलं तरी डेटात तो दिवसभर घरीच बसलेला!

तिसरं, फोनच सोबत नाही. माझ्यासारखे घरी ठेवणारे, साधा बटणाचा फोन वापरणारे म्हातारे, एकच स्मार्टफोन चार जणांत वापरणारी घरं. खुरपायला जाणाऱ्या बायांपैकी किती जणींकडे त्या वेळी स्वतःचा स्मार्टफोन होता, ते आपापल्या गावात आठवून बघा.

चौथं, जानेवारीची तुलना. जानेवारीत आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. बीडसारख्या भागातून लाखो माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली असतात. १७ एप्रिल २०२० ला राज्य सरकारने अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी दिली. अशा गावात किराण्यावरची गर्दी जानेवारीपेक्षा वाढलेली दिसली, तर लोकांनी नियम मोडला असं म्हणायचं का? गावात माणसंच वाढली होती.

आणि हे गुगलनेही लपवलेलं नाही. ग्रामीण आणि शहरी भागाची एकमेकांशी तुलना करू नका, असं त्यांनीच आपल्या सूचनेत लिहिलं होतं. पण टक्क्याचा आकडा पुढे जातो, सूचना मागे राहते.

जे रस्त्याने चालत गेले

सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट ही आहे. अहवालात बस-रेल्वे स्थानकांची वर्दळ ७१ टक्के घटली. ते खरंच होतं, गाड्याच बंद होत्या. पण त्याच दिवसांत हजारो मजूर डोक्यावर बोचकं घेऊन हायवेने चालत निघाले होते. स्थानकावरची भेट मोजली जाते, रस्त्याने चालणं कोणत्याच गटात बसत नाही. त्यातून फोनची बॅटरी संपलेली, रिचार्ज संपलेला.

८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळकडे रुळाच्या कडेने चालत निघाले होते. लॉकडाऊनमधल्या सगळ्यात मोठ्या प्रवासातली ही माणसं. वर्दळीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

म्हणजे आकडे खोटे होते का?

नाही. शहरातली दुकानं, कचेऱ्या, स्थानकं किती ओस पडली आणि कधी पुन्हा भरायला लागली, हे या आकड्यांनी रोजच्या रोज आणि चांगलं दाखवलं. एकाच जिल्ह्याचा मागचा-पुढचा फरक बघायला ते उपयोगी होते.

आणि स्मार्टफोन नसलेल्यांनाही मोजता येतं. १२ जानेवारी २०१० ला हैती देशात मोठा भूकंप झाला. तेव्हा संशोधकांनी मोबाईल कंपनीकडून सुमारे १९ लाख सिमकार्डांची नावं काढलेली माहिती घेतली. कोणतं सिम कोणत्या टॉवरवरून कोणत्या टॉवरवर गेलं, यावरून राजधानीतून किती लोक कुठे गेले याचा अंदाज बांधला. टॉवरला साधा फोनही दिसतो. अर्थात आपल्याकडे एका टॉवरवर चार गावं असतात, त्यामुळे तेही ढोबळच. आणि ज्याच्याकडे फोनच नाही, तो तिथेही नाही.

पुढे कधी साथ आली, किंवा दुष्काळ, स्थलांतर, पीकविमा अशा कशासाठीही 'डेटा सांगतो' असं कुणी म्हणालं, तर चार गोष्टी विचारा:

१. नेमकं काय मोजलं? माणूस, फोन की भेट?
२. कोणत्या दिवसांशी तुलना केली? तेव्हा आपल्याकडे कोणता हंगाम होता?
३. कुणी मोजलं आणि कशासाठी?
४. यात कोण आलं नाही?

चौथा प्रश्न ग्रामसभेतसुद्धा विचारता येतो, त्याला शिक्षण लागत नाही. मोजणीतून सुटलेला माणूस मदतीतूनही सुटतो, हे रेशनच्या यादीत आपण पाहिलेलं आहेच.

भाचा आता पुण्याला कंपनीत आहे. परवा त्याने फोनवर विचारलं, "मामा, आता तरी फोन रानात नेता का?" म्हटलं, नेतो बाबा. मोटार आता मोबाईलवरच चालू करावी लागते.