निर्मात्याचा कान

निर्माता म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे उभा राहतो तो पैसे घालणारा गृहस्थ. चित्रपटसृष्टीने हा अर्थ त्या शब्दाला कायमचा चिकटवून ठेवला आहे. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातला निर्माता मात्र निराळा. तो सहसा गात नाही, चाल त्याची नसते, आणि यंत्राच्या कळाही पुष्कळदा दुसराच कोणी फिरवीत असतो. मग तो करतो तरी काय? कोणते गीत घ्यायचे, कोणत्या लयीत घ्यायचे, साथीला काय ठेवायचे, काय काढून टाकायचे आणि कितव्या प्रयत्नाला पुरे म्हणायचे, हे तो ठरवतो. खोलीत हजर नसलेल्या श्रोत्याच्या वतीने ऐकणारा मनुष्य, अशी त्याची व्याख्या आम्ही करू.

ह्या विषयाकडे वळण्यास कारण आहे. ज्या कामासाठी पूर्वी कंपनीची इमारत आणि पगारी माणसे लागत, ते काम आज एका टेबलावर होते. संगणक, मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या भांडवलावर कितीतरी तरुण घरच्या खोलीत गाणी तयार करीत आहेत. काहींच्या वडिलांनी त्यासाठी हप्ते बांधून घेतले आहेत. मुलाची उमेदीची वर्षे आणि घरचा पैसा पणाला लागला असताना, यशस्वी निर्माता आणि हौशी निर्माता ह्यांत फरक नेमका कशाने पडतो, हे विचारणे अगत्याचे आहे. 'हौशी' हा शब्द आम्ही तुच्छतेने वापरीत नाही. मराठी रंगभूमी ज्यांच्या जिवावर जगली त्यांत हौशी मंडळींचा वाटा लहान नाही.

पहिला समज दूर करायचा तो यंत्राविषयीचा. गाणे का जमत नाही असे हौशी मनुष्याला विचारावे, तर तो मायक्रोफोनची किंमत सांगू लागतो. १९०२ च्या एप्रिलमध्ये फ्रेड गाइसबर्ग ह्याने मिलान शहरातील एका हॉटेलच्या खोलीत एन्रिको कारुसो ह्या तरुण गायकाची दहा गाणी मुद्रित केली, तेव्हा मायक्रोफोन मुळी नव्हताच. गायकाने कर्ण्यासमोर उभे राहून गायचे आणि आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढायची, एवढेच ते तंत्र. दहा गाण्यांचे मानधन शंभर पौंड ठरले होते, आणि त्या काळी ती रक्कम थोडी नव्हती. गाइसबर्गने ओळखला तो गळा. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले. आता दुसरे टोक पाहा. बिली आयलिश ह्या अमेरिकन गायिकेचा २०१९ साली निघालेला पहिला अल्बम तिचा थोरला भाऊ फिनिअस ह्याने लॉस एंजेलिसमधील राहत्या घरी, झोपायच्या खोलीत तयार केला. २०२० साली त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि निर्माता म्हणून फिनिअसलाही वेगळे मिळाले. तेव्हा खोली लहान असल्याची सबब चालणार नाही, आणि मोठी खोली घेतल्याने काही साधेल अशी आशाही धरू नये.

मग फरक कशात आहे? ह्या बाबतीत जॉर्ज मार्टिन ह्याचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. बीटल्स ह्या इंग्रज वाद्यवृंदाचा हा निर्माता लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात रीतसर संगीत शिकलेला होता, ओबो वाजवीत असे, आणि १९५० च्या दशकात विनोदी ध्वनिमुद्रिका काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. १९६२ साली लिव्हरपूलची ही चार पोरे त्याच्याकडे आली. त्याने त्यांच्यासाठी एका धंदेवाईक गीतकाराचे गाणे निवडून ठेवले होते. पोरांनी ते मुद्रित केले, पण आम्हांला आमचेच गाणे हवे, असा धोशा लावला. मार्टिन नमला. मात्र त्यांनी आणलेले 'प्लीज प्लीज मी' हे गीत त्याला रडके वाटले, तेव्हा ह्याची लय वाढवा, असे त्याने बजावले. लय वाढली, आणि १९६३ च्या आरंभी ते गाणे इंग्लंडभर गाजले. बाजूला ठेवलेले गाणेही पुढे दुसऱ्या वाद्यवृंदाने म्हटले आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे मार्टिनची पारख चुकली नव्हती. तरीही आपली पारख कुठे मागे घ्यायची आणि कुठे रेटायची, हे तो जाणत होता. हौशी निर्माता एकतर सगळीकडे रेटतो, नाहीतर सगळीकडे माना डोलावतो.

ज्ञानाचीही गरज लागते. नुसत्या रसिकतेवर भागत नाही. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गीत १९६६ च्या अखेरीस दोन निरनिराळ्या थाटांत मुद्रित झाले. जॉन लेनन ह्याला एकाचा आरंभ आवडला आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. आणि दोन्ही जोडून द्या, असा त्याचा हट्ट! फितीवरच्या मुद्रणाचा एक धर्म आहे. फीत सावकाश फिरवली की लय मंदावते आणि तिच्याबरोबर स्वरही उतरतो. वेगाने फिरवली की दोन्ही चढतात. दैवयोगाने ज्या मुद्रणाची लय जलद होती त्याचीच पट्टीही चढी होती. मार्टिन आणि त्याचा तंत्रज्ञ जेफ एमरिक ह्यांनी एक फीत किंचित जलद केली, दुसरी मंद केली, आणि दोन्हींचा सांधा जुळवला. गाणे सुरू झाल्यावर सुमारे एका मिनिटाने तो येतो. माहीत नसेल तर कानाला सापडत नाही.

पण हौशी कामाचे खरे दुखणे गर्दी हे होय. संगणकावर आवाजांचे थर कितीही चढवता येतात, म्हणून ते चढवले जातात. गिटार, हार्मोनियम आणि मनुष्याचा गळा ह्यांचे स्वर पुष्कळसे एकाच पट्ट्यात वावरतात. तिन्ही एकाच वेळी भरून वाजली की एकमेकांना झाकतात. मग शब्द कळेनात म्हणून गळ्याचा आवाज वाढवायचा, तो बोचतो म्हणून वाद्यांचा वाढवायचा, असा खेळ सुरू होतो. आपल्याकडचा जाणता हार्मोनियमवादक गवयाच्या मागे राहतो, आणि गवई थांबला की ती जागा भरतो. निर्मात्याने करायचे तेच. १९६५ साली 'यस्टरडे' मुद्रित करताना मार्टिनने चार तंतुवाद्यांची साथ सुचवली. पॉल मकार्टनी आधी कचरला. गाणे गुळचट होईल अशी त्याला धास्ती. अखेर वादकांनी स्वराला कंप द्यायचा नाही, ह्या बोलीवर ते ठरले. त्या गीतात पॉलचा गळा आणि गिटार आहे, ती चार वाद्ये आहेत, आणि बीटल्सपैकी बाकीचे तिघे मुळीच नाहीत. जगातल्या सर्वांत लोकप्रिय वाद्यवृंदाच्या तिघांना गप्प बसवणे सोपे नसते.

आपल्याकडेही असा कान असलेली माणसे होऊन गेली. गो. ना. जोशी हे स्वतः भावगीतगायक, पुढे एच. एम. व्ही. कंपनीत त्यांनी दीर्घकाळ ध्वनिमुद्रणाचे काम केले. १९६७ साली त्यांच्या निर्मितीत 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. शिवकुमार शर्मा ह्यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया ह्यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा ह्यांची गिटार. तिघेही तरुण, आणि संतूर व गिटार ह्यांना मैफलीत रागदारीचे वाद्य म्हणून पुरते स्थान मिळायचे होते. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस ही त्यामागची कल्पना. राग प्रहरांच्या क्रमाने येतात. वेगळे वाटते ते एवढ्यासाठी की तिघांपैकी कोणीही आपली तयारी दाखविण्याच्या घाईत नाही.

शेवटचा प्रश्न थांबण्याचा. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा अल्बम १९८२ साली क्विन्सी जोन्स ह्याने केला. तयार तबकडी वाजवून पाहिली तेव्हा आवाज पिचका निघाला. कारण साधे होते: एका बाजूवर फार मिनिटे कोंबली होती. तबकडीवर जागा ठरलेली असते. गाणे लांबले की खाचा अरुंद कराव्या लागतात, आणि अरुंद खाचेत खर्जाला व जोराला वाव राहत नाही. मुदत डोक्यावर असताना जोन्सने काम थांबवले, गाणी कापली, आणि एकेका गाण्याचे मिक्सिंग नव्याने केले. हेडफोनमध्ये छान लागते म्हणून समाधान मानणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. श्रोता ते गाणे एस. टी.त बसून, मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातूनही ऐकणार असतो.

त्याच अल्बममधील 'बिली जीन'च्या मिक्सिंगची गोष्ट तंत्रज्ञ ब्रूस स्वीडिन ह्याने सांगितली आहे. दुसऱ्या प्रयत्नाला काम सुरेख जमले होते. पण जरा हे वाढवा, जरा ते उतरवा, असे करता करता प्रयत्नांची संख्या ९१ वर गेली. तेव्हा जोन्स म्हणाला, जुन्यांपैकी एखादे पुन्हा ऐकू या. दुसरे लावले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि तबकडीवर गेले ते तेच.