सुका पाला, सुका मसाला : सुगंध टिकवा, गिऱ्हाईक टिकेल

तिरफळ, तमालपत्र, कसुरी मेथी, सुका पुदिना या मालात वजन पाल्याचे होते, पण पैसे सुगंधाचे मोजले जातात. सुगंध उडून गेला तरी काट्यावर वजन तेवढेच भरते. म्हणून या धंद्यात फसवणूक सोपी आहे. कित्येकदा ती दुकानदाराच्या लक्षातही येत नाही. रत्नागिरीत आज अनेक भगिनी घरी मसाला, आमसूल आणि तिरफळ पाकिटात भरून विकतात. हा माल मुंबईला जातो आणि आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांच्या बॅगेतूनही जातो. परगावच्या गिऱ्हाइकाला पहिले पाकीट बेचव लागले तर ते दुसरे मागत नाही. तेव्हा सुगंध जातो कसा आणि राहतो कसा, हे विकणाऱ्याने आणि रांधणाऱ्याने, दोघांनीही समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

पानाफळांत जो वास असतो तो त्यांतील उडून जाणाऱ्या तेलाचा. ऊन, उष्णता, हवा आणि ओल हे या तेलाचे चार दुश्मन आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी. ज्या फळीवर रोज ऊन पडते तिथल्या ताग्याचा रंग आधी उतरतो, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. काचेच्या बरणीतील पाल्याचे तेच होते. बरणी दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात मांडली की शोभा दिसते आणि माल मरतो. घरात चुलीच्या वरची फळीही अशीच वाईट.

वाळवण्यापासून काळजी घ्यावी. पुदिना, मेथी, कढीपत्ता ही पातळ पाने धुऊन, पाणी पूर्ण निथळून, सावलीत वाऱ्यावर वाळवावीत. कडक उन्हात ती काळपट पडतात व वास जातो. पान चुरडल्यावर चुरचुरले तरच ते वाळले असे समजावे. तिरफळाला मात्र ऊन चालते. ते वाळून उकलले की आतील काळी बी काढून टाकावी, कारण चव आणि वास सालीत असतो. बीसकट विकणे म्हणजे निरुपयोगी वजन विकणे होय.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे ओलीचा बंदोबस्त मे महिन्यातच करावा. घट्ट झाकणाची कोरडी बरणी, अंधारी जागा आणि कोरडा चमचा एवढे पुरे आहे. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून पाला झटकू नये, कारण वाफ आत शिरते आणि उरलेला माल बुरसतो. मसाला होईल तेवढा अख्खा ठेवावा. अख्खा मसाला नीट ठेवल्यास दोन-तीन वर्षे चालतो, सुकी पाने सुमारे एक वर्ष चांगली राहतात, पूड सहा महिन्यांतच फिकी पडू लागते. पाकिटावर वाळवल्याचा महिना लिहावा. जुना माल आधी काढावा, पण जुना म्हणून सांगून, भाव कमी करून.

आता स्वयंपाकाकडे वळू. सुक्या पानांतील पाणी गेलेले असते, म्हणून ओल्या पाल्याच्या तीन चमच्यांऐवजी सुका एक चमचा पुरतो. सुका पाला टाकण्यापूर्वी तळहातावर चोळावा, म्हणजे कोंडलेले तेल मोकळे होते. हे तेल पाण्यापेक्षा तुपा-तेलात चांगले उतरते. म्हणून तमालपत्र आधी फोडणीत पडते, मग पाणी. पण प्रत्येक जिनसाची वेळ निराळी आहे. कसुरी मेथी मंद तव्यावर क्षणभर गरम करून, चुरून, सालन उतरवण्याच्या जरा आधी घालावी. ती जळाली तर कडू होते. बांगड्याच्या किंवा तारलीच्या सालनात तिरफळ हलके ठेचून शेवटच्या पाच-सात मिनिटांत टाकावे. त्याची बारीक पूड करून फार वेळ उकळल्यास कडवटपणा येतो.

खरेदीतही नजर हवी. खऱ्या भारतीय तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात. परदेशी ‘बे लीफ’ला मध्ये एकच मुख्य शीर असते आणि तिचा स्वाद वेगळा असतो. दोन्ही एका भावात, एका नावाने विकू नयेत. कसुरी मेथीला नाव मिळाले ते लाहोरजवळच्या कसूर शहरावरून. आज आपल्याकडे येणारा बराचसा माल राजस्थानातील नागौर भागातला असतो. म्हणजे गावाचे नाव सीमा ओलांडूनही मालाला भाव देते. ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्याही गावाच्या नावाला अशी किंमत आली आहे. या नावाखाली एकाने गेल्या सालचे कडक, काळे पडलेले आमसूल खपवले तर नुकसान सगळ्या जिल्ह्याचे होते.

आपल्या धर्माने या बाबतीत स्पष्ट वाट दाखवली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाहीस, अशी विचारणा आपण (स.) केली आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ही हदीस सही मुस्लिममध्ये आहे. पावसात माल भिजणे हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. भिजलेले झाकणे हा गुन्हा होता. कोकणातल्या व्यापाऱ्याला पावसाचा बहाणा नेहमीच जवळ असतो, म्हणून ही शिकवण आपल्याला इतरांपेक्षा अधिक लागू आहे.

आमची दुकानदार बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे की, गिऱ्हाइकासमोर एक पान चुरडून त्याच्या हातावर द्यावे आणि त्याला वास घेऊ द्यावा. वास आला तर भावाची घासाघीस कमी होते. वास आला नाही तर तो माल विकू नये. रोजीत बरकत येते ती अशाच व्यवहाराने.