फर्माची सहावी संख्या

श्रोत्यांनीं जवळ कागद-पेन्सिल घ्यावी. दोन ही संख्या घेऊन तिचा वर्ग करावा, आलेल्या संख्येचा पुन्हां वर्ग करावा, आणि असेंच पुढें चालावें. २, ४, १६, २५६, ६५,५३६ असा क्रम येतो. यांतील प्रत्येकींत एक मिळविला म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या होतात. या पांचही मूळ संख्या आहेत. एक व स्वतः यांवांचून त्यांना दुसरा भाजक नाहीं. तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा याला या क्रमाचा मोह पडला. हा क्रम कितीही लांबविला तरी मूळ संख्याच मिळतील, असें त्यानें १६४० सालीं पत्रांतून कळविलें. मात्र सिद्धता हातीं नसल्याचेंही तेव्हां सांगितलें.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही. तिची परीक्षा करावयाची तर साडेसहा हजार मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागतें. एवढा खटाटोप कोण करणार? पण १७३२ सालीं लेओनार्ड ऑयलर यानें ६४१ हा तिचा भाजक दाखवून दिला. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीहून एकानें अधिक असतो, हें त्यानें पुढें सिद्ध केलें. ही चाळणी लावली म्हणजे १९३, २५७, ४४९ व ५७७ यांच्यामागून पांचवी पाळी ६४१ चीच येते.

भागाकार न करतांही याची खात्री पटते. ६४० म्हणजे पांच गुणिलें १२८, आणि १२८ हा दोहोंचा सातवा घात. ६४१ नें भागतांना ६४० ची बाकी ‘उणें एक’ धरावी. उणें एकाचा चौथा घात एक. म्हणून पांचाचा चौथा घात गुणिलें दोहोंचा अठ्ठाविसावा घात, या गुणाकाराची बाकी एक. परंतु पांचाचा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ हून १६ नें कमी. आणि १६ हा दोहोंचा चौथा घात. तेव्हां त्याच गुणाकाराच्या ठिकाणीं दोहोंचा बत्तिसावा घात, उणें चिन्हासह, ठेवतां येतो. त्याची बाकी एक, म्हणून चिन्ह काढलें कीं बाकी उणें एक. त्यांत एक मिळवितांच शून्य. दुसरा अवयव ६७,००,४१७ असून तोही मूळच आहे.

फर्माचें अनुमान ढांसळलें, तरी संख्यांचें महत्त्व उलट वाढलें. १७९६ सालीं तरुण गाउसनें सतरा बाजूंची सम बहुभुजाकृति केवळ पट्टी व कंपास यांनीं काढतां येते, असें दाखविलें. बाजूंची संख्या विषम व मूळ असेल, तर ती फर्माच्या क्रमांतली असल्याखेरीज हें साधत नाहीं, हें १८३७ सालीं वान्त्सेलनें सिद्ध केलें. फर्माचें म्हणणें खरें असतें, तर अशा आकृतींना अंतच नसता. आज सहाव्यापासून तेहतिसाव्या संख्येपर्यंत सर्व संयुक्त ठरल्या आहेत. चौतिसावीचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. ती लिहावयास अडीच अब्जांहून अधिक अंक लागतील.