खेळ रंगात आला की संगणक मान का टाकतो?

दिव्यातल्या लहान खोल्यांमध्ये, कपाट आणि भिंतीच्या फटीत ठेवलेला ‘गेमिंग पीसी’ आता नवलाईचा राहिलेला नाही. त्याचे भाग बरेचदा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून जोडलेले असतात. काही नवे, काही जुने. अशा संगणकाची एक नेहमीची तक्रार असते. अभ्यास, सिनेमा, इंटरनेट दिवसभर नीट चालते. पण मोठा गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत सारे बंद. बटण दाबले की पुन्हा सुरू.

डॉक्टरांना ही तक्रार ओळखीची वाटेल. बसून बोलताना ठणठणीत असलेल्या माणसाच्या छातीत स्टेशनचा पूल चढताना दुखते, आणि विश्रांतीत काढलेला त्याचा ईसीजी स्वच्छ निघू शकतो. म्हणून ट्रेडमिल चाचणी करतात. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाच्या पद्धतीत दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. श्रमात दिसणारा दोष श्रमातच शोधावा लागतो. संगणकाचेही तसेच आहे.

आधी नेमके काय बंद पडते ते पाहावे. मॉनिटरसकट सगळे गेले, तर पहिला संशय यूपीएसवर. 600 व्हीए लिहिलेल्या अनेक लहान यूपीएसची खरी क्षमता सुमारे 360 वॉट असते. गेम चालू असताना संगणक आणि मॉनिटर मिळून ती सहज ओलांडतात. खोलीतला बल्बही मंदावत असेल किंवा प्लग तापत असेल, तर वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवावे. मॉनिटर चालू राहून फक्त कॅबिनेट बंद पडत असेल, तर दोष बहुधा आतच आहे : उष्णता किंवा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा.

उष्णतेचे गणित सोपे आहे. आजचे बरेच प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सिअसला पोचले की आधी वेग कमी करतात. तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करतात. 2001 मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून पाहिला. पेंटियम 4 मंदावला, पण वाचला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडत जळाला. म्हणजे बंद पडणे हे संरक्षण आहे. बायोसमध्ये जाऊन ते काढून टाकणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणे.

दुसरे कारण पुरवठ्याचे. ग्राफिक्स कार्डची मागणी एका क्षणात कित्येक पटींनी वाढते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3080 या कार्डाची नेहमीची गरज 320 वॉट, पण कंपनी 750 वॉटचा एसएमपीएस सुचवते. जुना किंवा हलक्या दर्जाचा डबा हा झटका पेलत नाही.

दोन्हींतला फरक घरीच कळू शकतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तापमानाची नोंद ठेवावी. आकडा चढत चढत मर्यादेला भिडून संगणक गेला, तर कारण उष्णता. 65-70 अंशांवरच झटक्यात गेला, तर संशय पुरवठ्यावर. मग प्राइम95 ने फक्त प्रोसेसरवर, फरमार्कने फक्त ग्राफिक्स कार्डवर, आणि शेवटी दोन्हींवर एकत्र भार द्यावा. नजर मात्र तापमानावर हवी. एकेकटे तगून एकत्र भारात संगणक बंद पडला, तर एसएमपीएस तपासावा. विंडोजच्या नोंदीतल्या ‘कर्नल-पॉवर 41’वर विसंबू नये. संगणक नीट बंद न होता गेला, एवढेच ती सांगते. मृत्यूचे कारण म्हणून ‘हृदय थांबले’ लिहावे तसे.

उपचार एका वेळी एकच करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. कॅबिनेट भिंतीपासून दूर घ्यावे, धूळ काढावी, सुकलेली थर्मल पेस्ट बदलावी. तरीही फरक नसेल, तर पुरेशा क्षमतेचा चांगला एसएमपीएस उसना आणून लावून पाहावा.

दोन गोष्टी मात्र जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग नसण्याची शक्यता मोठी. तशा सॉकेटवर संगणक चालवू नये. नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हा खर्च करावा. संगणक स्वतःला वाचवायला बंद होतो, त्याला हात लावणाऱ्या मुलाला तशी सोय नाही.