चारशे मीटरची घाई, चार महिन्यांचा धीर



गेल्या महिन्यात शुक्रवारचा वर्ग सुटल्यावर आम्ही, म्हणजे मोठ्या गटातली पाच मुले आणि दोन पालक, वादी कबीरला एका गॅरेजमध्ये गेलो होतो. एका पालकांच्या ओमानी सहकाऱ्यांची निसान पॅट्रोल तिथे चार महिने इंजिन खोलून पडली होती. आम्ही गेलो त्या दिवशी इंजिन पुन्हा बांधायचे होते. तिथे जे पाहिले आणि नंतर पुस्तकांतून जे समजून घेतले, ते या अंकात तुमच्यासाठी लिहीत आहोत.

ड्रॅग शर्यत म्हणजे काय?

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जो आधी पार करेल तो जिंकला. वळण नाही, दुसरी फेरी नाही. दिवा हिरवा होण्याआधी सुटलात तर लाल दिवा लागतो आणि तुम्ही बाद. चांगली तयार केलेली गाडी हे अंतर दहा-बारा सेकंदांत कापते. तुम्ही एक ते बारा म्हणेपर्यंत खेळ संपला!

टर्बो काय करतो?

इंजिनाला पेट्रोल लागते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याहून कितीतरी जास्त हवा लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा हवी. म्हणून जास्त ताकद हवी असेल तर आधी जास्त हवा आत गेली पाहिजे.

इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला आणि जोरात असतो. एरवी तो सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये हा धूर एक छोटे चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. ही चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे आहे. गावाकडे ट्रकच्या अंगावर ‘टर्बो’ लिहिलेले तुम्ही पाहिले असेल, ते हेच.

आम्ही पाहिलेल्या पॅट्रोलचे इंजिन ४.८ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले. कंपनीकडून त्याला टर्बो येत नाही, पण इंजिन दणकट म्हणून आखातातले हौशी लोक त्याला बाहेरून टर्बो बसवतात.

दाबलेली हवा तापते

इथेच खरी गोम आहे. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, आठवते ना? तेच टर्बोत होते. मस्कतच्या उन्हाळ्यातली ४० अंशांची हवा दुपटीने दाबली की ती १३० अंशांच्याही वर जाते. तापलेली हवा फुगते, म्हणून दाब दुप्पट होऊनही आत हवा भरते ती फक्त दीडपट. यासाठी मध्ये इंटरकूलर बसवतात. रेडिएटरसारख्या जाळीतून हवा नेऊन ती ६० अंशांपर्यंत उतरवली, तर पावणेदोन पटीहून जास्त हवा आत बसते.

हवा गरम राहिली तर आणखी एक धोका असतो. ठिणगी पडून ज्वाळा पसरत असतानाच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर घणाचे घाव बसू लागतात. मेकॅनिक म्हणतात, “इंजिन ठोकतंय.” पेट्रोल पंपावर ९१ आणि ९५ असे आकडे असतात ना? आकडा जितका मोठा, तितके ते पेट्रोल असे अवेळी भडकायला जास्त विरोध करते. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकदीचे पेट्रोल, असा आमचाही गैरसमज होता!

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार निघाली. ठोकणे थांबवण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी संपली की पुन्हा भरायची, एवढेच काम. पण बरेच मालक तेही विसरत. साठ वर्षांत यंत्रे बदलली, माणसाचा आळस मात्र तोच आहे.

मग हे इंजिन का फुटले?

गाडीच्या मालकांनी ते आम्हाला स्वतःच सांगितले, काही न लपवता. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मित्रांनी आग्रह केला, म्हणून त्यांनी टर्बोचा दाब थोडा वाढवला. हवा वाढली, पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढवले नाही. तिसऱ्या धावेत पांढरा धूर निघाला. चौथ्या पिस्टनची रिंग धरून ठेवणारी कड तुटली होती. तो पिस्टन त्यांनी आमच्या हातात दिला. कडेचा तुकडा दाताने चावल्यासारखा निघालेला होता. नव्या भागांचा खर्च ऐकून आमच्याबरोबरचे दोन्ही पालक गप्प झाले.

पुन्हा बांधणी

आम्हाला वाटले होते की नवे भाग बसवायचे आणि बोल्ट आवळायचे. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ मोजण्यातच गेला.

सिलिंडर आधीच लेथवाल्याकडून बोअर करून आणले होते. आतल्या भिंतीवर बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा होत्या. गुळगुळीत नको का, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले की त्या रेघांत तेल टिकते. जात्याला टाकी का लावतात ते आजीला विचारा. रेघांचेही काम असते, हे तिला बरोबर ठाऊक असेल.

नवे पिस्टन ओतीव नव्हते, घडीव होते. घडीव धातू मार सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून भोवती थोडी जास्त जागा ठेवावी लागते. रिंगेच्या दोन टोकांमध्येही फट ठेवतात. इथे ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त होती. कमी ठेवली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग पिस्टनच मोडते.

बेअरिंगची फट तर ६० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढी! ती मोजायला मेणासारखा मऊ धागा ठेवून वरची टोपी आवळतात, पुन्हा उघडतात आणि धागा किती चपटा झाला ते पाहतात. दोन ठिकाणी माप मनासारखे आले नाही. कारागिरांनी काही न बोलता सगळे पुन्हा उघडले, पुसले आणि नव्याने मोजले. आमच्यातला एक जण म्हणाला, “एवढ्याने काय होतंय?” त्यांनी टेबलावरच्या तुटलेल्या पिस्टनकडे फक्त बोट दाखवले.

हेडचे बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळले. पापड लाटताना लाटणे मधून कडेला नेतात ना, तसे. शेवटी ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसते फिरवले. तेलाचा काटा वर आल्यावरच ते सुरू केले. पहिले काही दिवस गाडी टर्बोचा दाब न वाढवता हळू चालवायची, मग तेल बदलायचे आणि जुना फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का ते पाहायचे.

शर्यत कुठे?

आमच्या गटातल्या दोघांना लवकरच लायसन्स मिळेल. गाडीचा दाब वाढवून रात्री हायवेवर बघू, असे बोलणे याच वर्गात आम्ही ऐकले आहे. म्हणून हे स्पष्ट लिहितो. सीबजवळ ओमान ऑटोमोबाइल असोसिएशनच्या आवारात अशा खेळांसाठी वेगळी जागा आहे. बहारीनच्या सखीर सर्किटवर ड्रॅगची खास पट्टी आहे. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अशा ठिकाणी गाडी तपासतात, हेल्मेट लागते, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून कुणाची गाडी येत नाही.

हायवेवर हे काहीच नसते. निघताना मालक म्हणाले, “इंजिन मी चार महिन्यांनी पुन्हा बांधलं. माणूस पुन्हा बांधता येत नाही.” परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून वीस वेळा पंप मारा. कुठे गरम लागते?
२. घरच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत कोणता आकडा लिहिला आहे? घरी विचारा, तो का?

शब्द शिका

पिस्टन – दट्ट्या
व्हॉल्व्ह – झडप
बेअरिंग – धारवा
क्रँकशाफ्ट – भुजादंड

पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने यांतला एक शब्द वाक्यात वापरून आणायचा आहे!