गांजाची केस आणि फॉर्मवरचं ‘नाही’

‘सुटलास ना केसमधून? मग फॉर्मवर “नाही” लिहून मोकळा हो. कोण बघतंय!’

पोलीस भरती असो, रेल्वे असो की कोस्टगार्ड, रत्नागिरीच्या पावस-गोळप-पूर्णगड पट्ट्यात निवड झालेल्या पोराला हा सल्ला हमखास मिळतो. काका-मामा तो मायेपोटीच देतात; नोकरी मात्र पोराची जाते.

वस्तुस्थिती अशी. केंद्राच्या नोकरीत रुजू होताना साक्षांकन नमुना भरावा लागतो. ‘शिक्षा झाली आहे का?’ एवढाच प्रश्न त्यात नसतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, कोर्टाने दंड केला का, परीक्षेला बसायला बंदी झाली होती का, असं सुटं सुटं विचारलेलं असतं आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं असतं. निर्दोष सुटलेल्यालाही कधीकाळी अटक झालेलीच असते, खटलाही चाललेला असतो. मग तिथे ‘नाही’ कसं? माहिती दडवली तर अपात्र ठराल, ही ताकीद त्याच नमुन्यात छापलेली असते. ती वाचायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

‘कोण बघतंय’ याचंही उत्तर घ्या. चारित्र्य पडताळणीसाठी कागद जिल्हा पोलिसांकडे आणि तिथून ठाण्यात येतो. गुन्ह्यांची नोंद आता सीसीटीएनएसवर, म्हणजे देशभर जोडलेल्या संगणकांवर असते. केस मुंबईतली म्हणून रत्नागिरीत कळणार नाही, ही समजूत सोडा.

अशी माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात सूत्रं घालून दिली. माहिती खरीच हवी. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा तसाच किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर नेमणूक करणारा तो माफ करू शकतो. गंभीर प्रकरणातली लपवाछपवी महागात पडते. फॉर्ममध्ये मुळात विचारलंच नसेल, तर ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येत नाही. 2022 च्या पवन कुमार खटल्यातही न्यायालयाने बजावलं, की नुसतं लपवलं म्हणून डोळे झाकून काढून टाकता येणार नाही. पण हा दिलासा वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर मिळतो. तोवर भरतीचं वय निघून जातं.

आता उरलेले गैरसमज.

‘खरं सांगितलं की नोकरी पक्की.’ नाही. अवतार सिंग निकालानुसारच, खरं सांगितल्यावरही पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार सरकारला आहे.

‘दंड भरला, केस मिटली.’ गुन्हा कबूल करून कोर्टात भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धीच.

‘गांजा ओढणं हा गुन्हाच नाही, विकणं गुन्हा.’ 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 27 सेवनासाठीच आहे. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘व्यसनमुक्तीला गेलो तर अडकू.’ उलट आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम 64अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं.

‘अमेरिकेत गांजा चालतो, तिथे कोण विचारतंय!’ तिथल्या संरक्षण खात्याच्या कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा मंजुरीत पूर्वीचं सेवन विचारतात. जुनं, सुटलेलं व्यसन कधी माफ होतं. फॉर्मवरचा खोटेपणा हा तिथेही स्वतंत्र दोष आहे.

पोरांनो, फॉर्म भरण्याआधी कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढा. प्रश्न शब्दन् शब्द वाचा. अडलात तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 वर विचारा, व्यसनासाठी 14446 लावा. आणि जिथे ‘होय’ लिहायचं तिथे ‘होय’च लिहून निकालाची प्रत जोडा. पोरवयातल्या चुकीला माफीची वाट कायद्याने ठेवली आहे. सहीनिशी लिहिलेल्या खोट्याला ती फार अरुंद आहे.