कुलूपबंद मोबाइलवरील औषधनोंद

आपल्याकडील अनेक रुग्ण काढे व रसौषधींबरोबरच रक्तदाब वा मधुमेहाची आधुनिक औषधेही घेत असतात. असा रुग्ण जालना रोडवरील अपघातानंतर बेशुद्धावस्थेत घाटी रुग्णालयात पोहोचल्यास ही माहिती कोण देणार? स्मार्टफोनमधील एक दुर्लक्षित सोय येथे उपयोगी पडते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’, तर आयफोनच्या ‘हेल्थ’ अ‍ॅपमध्ये ‘मेडिकल आयडी’ हा विभाग असतो. त्यात रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे व आप्तांचा क्रमांक भरून, फोन कुलूपबंद असतानाही नोंद दिसण्याची परवानगी द्यावी. मग पासवर्डाविना ‘इमर्जन्सी’वरून ती वाचता येते. ती कोणालाही दिसू शकत असल्याने आवश्यक तेवढेच लिहावे. वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी रुग्णाच्या संमतीने ही नोंद करून द्यावी आणि औषध बदलताच तीही बदलावी.